नव्यांची वेगळी टाकी

२ जून

आज मला पद मिळालं. निवृत्त झाल्यापासून घरात माझ्याकडे दूध तापताना लक्ष ठेवण्याची जबाबदारी होती, पण दूध दोनदा उतू गेलं आणि बायकोने तीही काढून घेतली. आज मात्र मी 'काचघर'चा स्वागतप्रमुख झालो.

काचघर हे घरी मासे पाळणाऱ्यांचं संकेतस्थळ. एका दंतवैद्याने हौसेने सुरू केलं. कुणाचा मासा आजारी पडला, टाकीत शेवाळ धरलं, पाणी गढूळ झालं की लोक तिथे विचारतात आणि आम्ही जुने लोक उत्तरं देतो. पगार कुणालाच नाही, सगळा हौसेचा मामला. पण उत्तरं देणारे आता मोजकेच उरलेत आणि तेही कंटाळलेत. दंतवैद्याने काल सगळ्यांना लिहिलं की नवी माणसं येतात, एक प्रश्न विचारतात, कुणी ओ दिली नाही की निघून जातात. वर्षअखेरपर्यंत थोडी तरी नवी माणसं टिकली नाहीत तर हे बंद करावं लागेल. "कुणीतरी त्यांना नुसतं 'या, बसा' म्हणा हो," असं शेवटी लिहिलं होतं.

नुसतं 'या, बसा'. मी सगळी नोकरी आस्थापना विभागात काढली आहे. नवा माणूस रुजू कसा करून घ्यायचा हे मला दात उपटणाऱ्याने शिकवायला नको. ताबडतोब कळवून टाकलं की ही जबाबदारी मी घेतो. कुणीही हरकत घेतली नाही. खरं तर कुणी काहीच म्हणालं नाही. फक्त गप्पीवाल्या बाईंनी, म्हणजे गप्पी मासे पाळणाऱ्या एक व्यायामशिक्षिका आहेत त्यांनी, अंगठ्याचं चित्र पाठवलं.

जेवताना बायकोला सांगितलं. "म्हणजे आता दिवसभर तुम्ही तिकडेच?" ती म्हणाली. तिला आनंद झालेला दिसला.

५ जून

योजना तयार. आपल्याच विषयातून सुचली याचा मला अभिमान वाटतो.

नवा मासा आणला की शहाणा माणूस काय करतो? थेट टाकीत ओतत नाही. आधी पिशवीसकट पाण्यावर तरंगत ठेवतो, म्हणजे पाण्याची ऊब जुळते. मग काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवतो, न जाणो काही रोग घेऊन आला असेल. सगळं ठीक दिसलं की मगच त्याला मुख्य टाकीत सोडतो. माशाला जे लागू ते माणसाला का नको?

तेव्हा आजपासून काचघरात तीन दालनं. नवा माणूस आधी 'पिशवी'त. तिथे त्याने फक्त वाचायचं आणि स्वतःचा परिचय लिहायचा. परिचय पसंत पडला की 'वेगळी टाकी'. तिथे तो इतरांच्या उत्तरांना दाद देऊ शकेल, स्वतः प्रश्न विचारू शकणार नाही. त्यानंतर 'मुख्य टाकी'.

दंतवैद्याने लिहिलं, "जरा लांबतंय का हे?"

मी लिहिलं, "घाईने सोडलेला मासा मरतो, हे आपणास सांगणे न लगे."

बिनतोड मुद्दा होता.

७ जून, रविवार

लेक आणि जावई जेवायला आले होते. जावई चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवतात. दोन वर्षं झाली लग्नाला. तारीख ठरल्यावर मला कळवण्यात आलं होतं. कळवण्यात आलं, विचारण्यात आलं नव्हतं. असो. मी काही मनात ठेवत नाही. घरी येतात, त्यांना बसायला खुर्ची देतो, पाणी विचारतो, 'दुकान कसं चाललंय' हेही विचारतो. 'बरं चाललंय' म्हणतात. त्यापुढे आमची गाडी सरकत नाही. त्या माणसाला बोलताच येत नाही, त्याला मी काय करणार?

आज लेकीने विषय काढला. जावयाचा मालक दुसऱ्या शहरात दुकान उघडतोय आणि ते जावयाने सांभाळावं म्हणतोय. इकडे आमच्या शेजारच्या इमारतीत एक घर रिकामं आहे, तेही त्यांना परवडण्यासारखं आहे. जुलै संपेपर्यंत काय ते ठरवायचंय.

"आपलं माणूस म्हणून वावरता आलं तर तो इथेच राहील, बाबा," ती म्हणाली. "त्याला तेवढंच हवंय."

मी म्हटलं, "ज्याचा त्याने निर्णय घ्यावा." असं म्हटलं खरं, पण ती शेजारी राहायला आली तर मला काय वाटेल हे मला चांगलं माहीत आहे. गॅलरीतून तिचं स्वयंपाकघर दिसेल. मी आत्ताच जाऊन बघून आलो, दिसतं.

जावई जेवण झाल्यावर बराच वेळ माझ्या टाकीसमोर उभे होते. "हा कोणता?" असं एका माशाबद्दल विचारलं. मी नाव सांगितलं. "अच्छा," म्हणाले. संपलं संभाषण.

११ जून

पिशवीत पहिला माणूस आला. आल्या आल्या ओरड: "मासा आडवा पडलाय, लवकर सांगा काय करू." ना नमस्कार, ना ओळख. मी सौम्य शब्दांत स्वागत केलं, नियम कळवले आणि परिचय मागितला. तो आलाच नाही परत. मासा आडवा पडला म्हणून काय माणसाने रीत सोडायची?

संध्याकाळी पाहतो तर गप्पीवाल्या बाईंनी त्याला परस्पर उत्तर देऊन टाकलेलं. मी त्यांना समज दिली. "बाई, पिशवीत हात घालायचा नसतो," असं लिहिलं. बायको मागून वाचत होती. म्हणाली, "हे जरा बघा पुन्हा, काय लिहिलंय ते." मी बदललं.

१८ जून

आणखी काही लोक आले, गेले. एकीने परिचयात एकच शब्द लिहिला: "गृहिणी." परत पाठवला. एकाने लिहिलं, "परिचय कशाला, मला लग्न जमवायचं नाहीये." हाही गेला. आजकालच्या लोकांत दम नाही. ज्यांच्यात दम नाही ते मासे काय पाळणार. तेव्हा योजना उत्तम चालली आहे, नको ते आपोआप गाळले जातात.

दंतवैद्याने विचारलं, आत किती आले? म्हटलं, गाळणी चालू आहे.

२४ जून

आज एक खरा माणूस सापडला. 'अंधुक' असं नाव घेतलंय. आता ही काय नावं. पण परिचय मात्र मन लावून लिहिलाय. उतरवून ठेवतो:

"मी नुकतीच टाकी घेतली आहे. घरातल्या एका मोठ्या माणसाला मासे फार प्रिय आहेत. मला त्यांच्याशी बोलायला विषयच सापडत नाही. समोर गेलो की तोंडाला कुलूप लागतं. इतके दिवस झाले तरी मी त्या घरात पाहुणाच आहे. मासे शिकलो तर निदान बोलायला काहीतरी मिळेल, असं वाटलं."

बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. म्हटलं, "बघ, किती सरळ लिहितो पोरगा. आणि तो घरातला मोठा माणूस कोण असेल? काय खडूस असेल."

बायकोला चहाचा ठसका लागला. "फारच," ती म्हणाली.

"बिचारा," मी म्हटलं.

"मग घ्या ना त्याला आत."

बायकांना पद्धत कळत नाही. परिचयात हेतूच चुकलेला आहे. माशांची आवड माशांसाठी असावी, कुणाची मर्जी राखण्यासाठी नव्हे. त्याप्रमाणे शेरा मारून परत पाठवला.

२८ जून, रविवार

लेक, जावई आले होते. जेवताना मी काचघराबद्दल सविस्तर बोललो. पिशवी, वेगळी टाकी, सगळं समजावलं. लेक ताटात बघत होती. जावई म्हणाले, "पण एखाद्याला खरंच शिकायचं असेल तर?"

"खरंच शिकायचं असेल तर थांबेल," मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले. "थांबेलच."

मग म्हणाले, "टाकीतलं सगळं पाणी एकदम बदलू नये ना? थोडं थोडं बदलावं." कुठून तरी ऐकून आले असावेत. पाठ केलेलं लगेच कळतं.

जाताना लेकीने विचारलं, "बाबा, शेजारचं घर बघायला येता का आमच्याबरोबर?" म्हटलं, आज दोन नवे लोक पिशवीत आलेत, पुढच्या वेळी बघू. मला फार जायचं होतं. पण एकदम हो म्हटलं तर वाटायचं, म्हातारा वाटच बघत बसलाय.

५ जुलै, रविवार

अंधुकचा परिचय आज पसंत केला. तीनदा परत पाठवला, तीनदा त्याने न कुरकुरता पुन्हा लिहिला. शेवटच्या खेपेला मोठ्या माणसाचा उल्लेखच काढून टाकलाय. "मला मासे आवडतात" एवढंच ठेवलंय. मला थोडं सुनं सुनं वाटलं, पण नियमात बसतंय. वेगळ्या टाकीत हलवलं.

या मुलाबद्दल मला जिव्हाळा वाटू लागलाय, खोटं कशाला बोलू. तिथे पोचताच त्याने माझ्या एका जुन्या उत्तराला दाद देताना लिहिलं की पाणी थोडं थोडं बदलण्याचं कारण आता समजलं, माशांना बदल झेपला पाहिजे. ही समज. बायकोला म्हटलं, असा जावई मिळाला असता तर रात्र रात्र गप्पा झाल्या असत्या.

ती कणीक मळत होती. हात थांबवून माझ्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "तुम्हाला चष्मा लागलाय."

"मला जवळचं नीट दिसतं," मी म्हटलं.

"ते दिसतंय मला," ती म्हणाली आणि परत मळायला लागली. आज परात फार आपटत होती.

१५ जुलै

दुपारी जावयाचा फोन. माझ्याच नंबरवर, दोन वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, लेकीला काही झालं की काय. तर म्हणे, "बाबा, मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर काय करायचं?"

आता या माणसाकडे मासे कुठून आले? दुकानातल्या एखाद्या गिऱ्हाइकाने विचारलं असणार आणि यांनी फुशारकी मारली असणार, की माझे सासरे यातले जाणकार आहेत. बरं वाटलं, नाही असं नाही. पण मी एकट्या जावयाला फोनवर सांगितलं तर उद्या प्रत्येकाचा जावई फोन करेल. म्हणून म्हटलं, "असे प्रश्न फोनवर नसतात विचारायचे. काचघरात नाव नोंदवा, रीतसर या. तिथे पद्धत आहे."

ते मग "बरं" म्हणाले.

गंमत म्हणजे संध्याकाळी अंधुकचाही तोच प्रश्न. वेगळ्या टाकीत प्रश्नाची सोय नाही, म्हणून बिचाऱ्याने दाद द्यायच्या चौकटीत लिहिला: "नियम मोडतोय, माफ करा. मासे वर येऊन धापा टाकतायत. कुणाला तरी दाखवायला घेतले होते. कृपा करून सांगा." हा मोसमच दिसतोय मासे वर येण्याचा.

उत्तर सोपं आहे. नवी टाकी, नवा माणूस, मायेने खाऊ घालतो जास्त, पाणी नासतं. खाणं बंद करायचं, थोडं पाणी बदलायचं, हवेचा पंप लावायचा. सांगायला किती वेळ लागणार. बोटं वळवळत होती. पण ज्याच्यावर आपला सगळ्यात जास्त जीव, त्याच्यासाठीच नियम वाकवला तर मग स्वागतप्रमुख कशाला? आस्थापना विभागात मी सख्ख्या भावाच्या मुलालाही सवलत दिली नव्हती. (तो अजून बोलत नाही.) लिहिलं, "नोंद घेतली आहे. मुख्य टाकीत प्रवेश झाल्यावर प्रश्न प्राधान्याने घेतला जाईल."

गप्पीवाल्या बाई नेमक्या आज कुठे होत्या कोण जाणे. मनातून वाटत होतं, त्यांनी नियम मोडावा.

१७ जुलै

अंधुकने एवढंच लिहिलं: "सगळे गेले."

मी सांत्वनाचं लिहिलं. वास्तव्याच्या काळात खंड पडू दिला जाणार नाही, प्रवेशाची तारीख तीच राहील, असं आश्वासनही दिलं. दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. माझ्या टाकीतले मासे खाणं मागायला काचेपाशी आले की मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

१९ जुलै, रविवार

लेक एकटीच आली. जावयाचं मन लागत नाहीये म्हणाली. जेवली नाही नीट. मग बायकोने हात धुतले आणि उगाचच आतल्या खोलीत गेली, तेव्हाच मला कळलं काहीतरी आहे.

"आम्ही तिकडे जायचं ठरवलंय, बाबा."

"इथलं घर?"

"नको म्हणून कळवलं."

मी विचारलं, का? ती म्हणाली, "त्याने खूप प्रयत्न केला."

कसला प्रयत्न? दर रविवारी खुर्चीत बसून 'अच्छा' म्हणायचा? हे मी बोललो. बोलायला नको होतं. तिचा चेहरा असा झाला की मी तिला शाळेत पहिल्या दिवशी सोडून निघालो होतो, तेव्हाही तसा झाला नव्हता. "तुम्ही ना, बाबा," एवढंच म्हणाली आणि पुढचं गिळलं. चप्पल घालताना रडत होती.

ती गेल्यावर मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसलो. एकुलती एक लेक. आता कुणाच्या गॅलरीत बघायचं मी? बायकोने दार वाजवलं नाही. बाहेर आलो तर म्हणाली, "झालं का?" आणि ताट वाढलं. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

२६ जुलै

संकटं एकटी येत नाहीत. दंतवैद्याने कळवलं की वर्षअखेरपर्यंत थांबण्यात अर्थ नाही, नऊ ऑगस्टला काचघर बंद. गप्पीवाल्या बाईंनी म्हणे फोनवर एक गट काढलाय आणि माझ्या पिशवीतून गेलेले बहुतेक सगळे तिथे सापडले. आडव्या माशावाला तिथे इतरांना उत्तरं देतो. ती "गृहिणी" तर रोज सकाळी हजेरीला असते. मी बाईंना खोचकपणे विचारलं, तुमच्याकडे नव्याचं स्वागत कसं करतात? त्यांनी उत्तर पाठवलं: "आम्ही म्हणतो, फोटो टाका."

कसली शिस्त नाही, काही नाही. दंतवैद्यही तिकडेच गेलाय.

पण मी पद अर्धवट टाकून पळणारा नव्हे. अंधुकचा प्रवेश बाकी आहे. एकाला तरी मी शेवटपर्यंत नेलं, हे नोंदीत राहिलं पाहिजे. त्याच्यासाठी स्वागतपत्र लिहायला घेतलंय. तीन खर्डे झाले.

९ ऑगस्ट, रविवार

सामानाचा ट्रक सकाळीच आला. लेकीचं बरंच सामान आमच्याकडे ठेवलेलं होतं, ते न्यायला दोघं आली. बायको आणि लेक खाली ट्रकपाशी, जावई खोकी उचलून जिन्यात ठेवत होते. मी मेजापाशी बसलो होतो. काचघर दुपारी बंद होणार होतं आणि अंधुकचं पत्र अजून पाठवायचं होतं. मला वाटतं, चांगलं उतरलंय:

"प्रिय अंधुक, आपण संयमाने वाट पाहिलीत. आजपासून आपण पाहुणे नाही. या घरातले आहात."

बटण दाबलं.

जावयाच्या खिशात फोन वाजला. त्यांनी हातातलं खोकं खाली ठेवलं, चष्मा पुसला, फोन काढून वाचला. पुन्हा एकदा वाचला. मग माझ्याकडे बघितलं.

"आलं," ते म्हणाले. "प्रवेश मिळाला."

मला आधी काहीच कळेना. मग सगळं एकदम कळलं, आणि इतकं कळल्यावर माणसाने काय बोलायचं असतं? मी खुर्चीतून उठलो, हात पुढे केला आणि म्हणालो, "अभिनंदन." सगळी नोकरी लोकांना हेच म्हणत काढली, दुसरं काही तोंडात आलंच नाही. त्यांनी हात मिळवला. त्यांच्या हाताला खोक्याची धूळ होती.

मग खुर्ची ओढून ते माझ्याजवळ बसले, अगदी टेकून. दोन वर्षांत कधी असे बसले नव्हते. म्हणाले, "एक विचारू, बाबा? आता विचारता येईल ना? ते मासे का गेले?"

मी सांगितलं. खाणं जास्त झालं, पाणी नासलं. खाणं थांबवायचं, थोडं पाणी बदलायचं, हवेचा पंप लावायचा. भराभर सांगत गेलो, नव्या टाकीतलं पाणी कसं स्थिरावतं, पहिल्या दिवसांत काय बघायचं, कोणता मासा नवख्याला झेपतो. ते प्रत्येक गोष्ट नीट ऐकत होते, मध्येच शंका काढत होते, आणि शंका चांगल्या होत्या. मला इतकं बरं वाटत होतं की खालून ट्रकवाल्याने भोंगा वाजवला तो मी ऐकून न ऐकल्यासारखा केला.

"म्हणजे एवढंच करायचं होतं," ते म्हणाले.

"एवढंच."

"हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं? मी फोन केला तेव्हा?"

मी हो म्हणालो.

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. उठले, खुर्ची होती तिथे नीट ठेवली, शेवटचं खोकं उचललं आणि खाली गेले.

ट्रक वळेपर्यंत मी गॅलरीत उभा होतो. लेकीने खिडकीतून हात हलवला. त्यांनी हलवला नाही. मांडीवर खोकं होतं, दोन्ही हात त्यात गुंतले असणार.